पुस्तकांकडे सालाने राहिलो

आमच्या भागात सालगडी पाडव्याला ठरतो. पाडव्याला साल सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला फिटते. गेल्या पाडव्याला मीही एक साल धरले, पण कुणा मालकाकडे नव्हे, पुस्तकांकडे. त्या सालाचा हिशेब वाचकांपुढे मांडावा म्हणून आज लिहायला बसलो आहे. शेतकरी बंधू-भगिनींना माझ्यासारख्याकडून खताच्या मात्रा आणि फवारणीचे वेळापत्रक ऐकण्याची सवय असते. आज त्यातले फारसे काही नाही, याबद्दल राग मानू नये.

मी कृषी खात्यात अधिकारी आहे. १९९१ साली परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो आणि दोन वर्षांत नोकरीला लागलो. तेव्हापासून मी वाचले काय? परिपत्रके, अहवाल, पंचनामे आणि औषधांच्या डब्यावरची चिकटपट्टी. पदवी हातात पडल्यानंतर एक अख्खे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले होते का, असे कुणी विचारले असते तर मला मान खाली घालावी लागली असती. 'वाचायला वेळ कुठे मिळतो?' हे माझे ठरलेले उत्तर. वेळ मिळत होता. रोज रात्री मोबाईलवर तासभर जातच होता.

निमित्त झाले आमच्या आबांच्या डोळ्यांचे. आबांचे वय आता त्र्याऐंशी. जुनी चौथी पास. रोज सकाळी ज्ञानेश्वरीतल्या पाच ओव्या आणि दुपारी वर्तमानपत्र, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांना कडेचे दिसेनासे झाले. दारातून येताना चौकटीला खांदा लागायचा. आम्ही सगळे म्हणालो, 'मोतीबिंदू असेल. पिकला की काढू.' तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. मोतीबिंदू काढल्यावर माणसाला पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली तेवढी टिकवता येते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तोवर आबांची बरीचशी नजर गेली होती. पिकाच्या पानावरचा ठिपका पाहून रोग सांगणारा मी, घरातल्या माणसाचा डोळा ओळखता आला नाही. वाचकांना एवढेच सांगतो, चाळिशी ओलांडली की डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्या आणि 'पिकला की काढू' असे परस्पर ठरवू नका.

तर गेल्या पाडव्याची गोष्ट. मारुतीच्या देवळात पंचांग वाचून झाले, पाऊस किती आणि कुठे ते जोशीबुवांनी सांगितले, आणि आबांचा हात धरून मी घरी आलो. ओसरीवर टेकल्यावर आबा म्हणाले, "जोश्यानं पाऊस वाचला. आता तू कायतरी वाच. मला वाचता येतंय पण दिसत न्हाई, आन् तुला दिसतंय पण तू वाचत न्हाईस."

त्या दिवसापासून दर शनिवारी कचेरी सुटली की तालुक्याहून गावी जायचे, रात्री जेवणे झाली की ओसरीवर दिव्याखाली बसायचे आणि तासभर मोठ्याने वाचायचे, असा नेम पडला. ऐकायला आबा, माय, धाकटी भावजय आणि नववीतली पुतणी. धाकटा भाऊ, जो घरची शेती पाहतो, तो बसत नसे. तो अंगणात बाजेवर मोबाईल घेऊन पडलेला असायचा.

पहिले पुस्तक नेले ते वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर'. हे पुस्तक १९८१ साली निघाले आणि मराठी घरांतून आजही वाचले जाते. वसतिगृहात असताना मी ते वाचले होते. पण विशीत वाचणे निराळे, आणि खात्यात तीस वर्षे काढून वाचणे निराळे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेतला काळा माणूस. गुलामगिरी अजून संपली नव्हती त्या काळात जन्मलेला, इतका अनाथ की त्याच्या जन्माचे सालसुद्धा कुणाला नक्की सांगता येत नाही. तान्हेपणी लुटारूंनी त्याला आणि त्याच्या आईला पळवून नेले. आई परत आली नाही. पोर तेवढे मालकाने एक घोडा देऊन सोडवून आणले, असे सांगतात. हे वाचले तेव्हा आबांनी हात वर करून मला थांबवले. "घोड्याच्या बदल्यात?" त्यांनी विचारले. मी 'हो' म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाच पुढं." त्या गप्प बसण्याचा अर्थ मला पोळ्याला कळला. तो पुढे सांगेन.

हा पोरगा दारोदार कामे करीत शिकला. आयोवाच्या शेतकी महाविद्यालयातून १८९४ साली पदवीधर झाला, १८९६ साली एम.एस्सी. झाला, आणि त्याच वर्षी दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी येथे काळ्या मुलांच्या संस्थेत शिकवायला गेला. तिथे प्रयोगशाळा नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या, फुटकी भांडी गोळा करून त्याने ती उभी केली. आजूबाजूची जमीन वर्षानुवर्षे कापूस एके कापूस घेऊन मेलेली होती. कार्व्हरने शेतकऱ्यांना सांगितले की चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा, जमिनीला विसावा द्या. शेतकरी संस्थेत येऊ शकत नाहीत तर संस्थाच त्यांच्या दारी न्यावी म्हणून १९०६ साली त्याने खेचरांची एक गाडी सुरू केली. तिच्यात अवजारे, बियाणे, लोणी काढायचे यंत्र भरून ती गावोगाव फिरू लागली. आज आम्ही ज्याला विस्तारकार्य म्हणतो ते हेच. माझी सरकारी जीप ही त्या खेचरगाडीची नात आहे, हे मला छप्पन्नाव्या वर्षी उमगले.

पुढे मेक्सिकोकडून बोंडात शिरणारा सोंडकिडा आला आणि १९१० नंतर अलाबामातला कापूस त्याने फस्त केला. तेव्हा तिथले पुष्कळ शेतकरी भुईमुगाकडे वळले. कार्व्हरने १९१६ साली एक पुस्तिका काढली, तिच्यात भुईमूग कसा लावावा हे सांगून शेंगदाण्याचे खायचे एकशे पाच प्रकार दिले होते. नुसते 'लावा' म्हणून तो थांबला नाही, पिकल्यावर त्याचे काय करायचे तेही त्याने सांगितले. आमच्या खात्याला हे दुसरे अर्धे अजून नीट जमलेले नाही. त्याच राज्यात एंटरप्राइझ नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी १९१९ साली भर चौकात या किडीचे स्मारक उभारले, कारण तिच्यामुळे आपण कापसाच्या तावडीतून सुटलो असे त्यांना वाटले. हे मी पुस्तक बाजूला ठेवून सांगितले तेव्हा माय हसून म्हणाली, "मंग आपल्या बोंडअळीचं देऊळ कधी बांधता?"

हसणे संपल्यावर आबांनी विचारले, "हे सगळं तुमच्या कॉलेजात शिकवत नव्हते का रे?"

प्रश्न साधा होता, पण त्यामागची हकिगत सांगितली पाहिजे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शेतात कापसाच्या ओळींत तूर असायची, मध्ये मूग-उडीद, कडेला तीळ आणि बांधाला अंबाडी. नव्या नोकरीच्या जोरात मी आबांना म्हणालो, 'हे खिचडी पीक बंद करा. सगळ्या चार एकरांत संकरित कापूस घ्या, खत द्या, फवारण्या करा, उत्पन्न दुप्पट होईल.' आबांनी ऐकले, कारण सांगणारा मुलगा होता आणि बी.एस्सी. होता. दोन वर्षे बोंडे भरपूर लागली. तिसऱ्या वर्षी हिरवी बोंडअळी आली. सात फवारण्या केल्या आणि बोंडे तरी पोखरलीच. दुकानदाराची उधारी तीन वर्षे फिटली नाही. त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदा तुरीची डाळ विकत आणावी लागली, हे मायने मला आजवर दहा वेळा ऐकवले आहे. आबांनी एकदाही ऐकवले नव्हते. त्यांचा प्रश्न आला तो पंचवीस-सत्तावीस वर्षांनी, तोही कार्व्हरच्या आडून.

शिकवत होते. पिकांच्या फेरपालटावर आणि मिश्र पिकांवर आम्हाला प्रश्न असायचा, मी त्याचे उत्तर पाठ करून लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते. मी आबांना हेच सांगितले. आबा म्हणाले, "म्हंजे तुला ठाऊक होतं." त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

मृग निघाला आणि वाचन मंदावले. खरिपाच्या दिवसांत कृषी अधिकाऱ्याच्या हाती पुस्तक दिसले तर लोक नावे ठेवतील, आणि ते रास्तच आहे. त्या दोन महिन्यांत 'यशस्वी कसे व्हावे' छापाचे एक जाडजूड पुस्तक कुणी भेट दिले होते ते उघडले. चाळीस पानांवर आबांनी विचारले, "ह्या माणसाचं स्वतःचं रान हाय का?" पुस्तक तिथेच मिटले. व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' मात्र तीन बैठकांत संपले. माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला पोरसवदा मास्तर आणि शेवटी दुष्काळात पांगणारी वाडी. १९५५ सालचे हे पुस्तक सव्वाशे-दीडशे पानांचे आहे. ज्यांना जाड पुस्तकाची धास्ती वाटते त्यांनी येथूनच सुरुवात करावी. शेवट ऐकून आबांना १९७२ चा दुष्काळ आठवला. खडी फोडायला गेलेले ते दिवस, परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि पोरांना मिळणारी सुकडी. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. सुकडीची चव मला आठवते असे मी म्हणतो, माय म्हणते ते खोटे आहे.

श्रावणात पावसाने ओढ दिली. सोयाबीन माना टाकू लागले, कामे अडली, आणि मी महात्मा फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' काढले. हे नाव व्याख्यानांतून शंभर वेळा घेतले जाते. माझ्यासकट कितीकांनी ते न वाचताच घेतले असेल. १८८३ साली लिहिलेले पुस्तक, वाक्ये लांबच लांब, एक वाक्य संपेतो श्वास संपतो. पुतणी दोनदा हसली. पण एक गोष्ट कळली आणि आम्हाला मौज वाटली. फुल्यांनी स्वतः हे लिखाण पुणे-मुंबईत आणि जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले होते आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनाही ऐकवले होते. म्हणजे हे पुस्तक मुळात ओसरीवर बसून ऐकण्याचेच आहे.

शेवटच्या भागात उपाय सांगितले आहेत. ते वाचताना मी चरकलो. डोंगर-टेकड्यांवरून वाहून जाणारे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घाला, आणि हे काम रिकाम्या बसलेल्या पलटणींतल्या शिपायांकडून व पोलिसांकडून करून घ्या. गावोगावच्या पाण्याच्या झऱ्यांचा शोध घेऊन नकाशे करा. मेंढ्यांची चांगली पैदास आणा. मी पंचवीस वर्षे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगवून घेतली. ती आमच्याच खात्यातल्या कुणा हुशार साहेबाच्या डोक्यातून निघाली असावी असे समजत होतो. जलयुक्त शिवार आले २०१४ च्या अखेरीस. फुल्यांनी हे मांडून तेव्हा एकशे तीस वर्षे उलटली होती.

सरकारी नोकरांवर त्यांनी जो असूड ओढला आहे तो माझ्याही पाठीवर बसला, हे लपवत नाही. काही ठिकाणी त्यांचा संताप मला पेलत नाही आणि काही जागा तेव्हाच्या भांडणांच्या आहेत, त्या आज समजावून घ्याव्या लागतात. तरी ज्या घरात सात-बारा आहे त्या घरात हे पुस्तक असावे असे माझे मत झाले आहे.

पोळा आला. पोळ्याच्या आठवड्यात मुद्दाम आनंद यादवांचे 'गोतावळा' नेले. १९७१ ची ही कादंबरी कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. ती बोली आमच्या मराठवाड्याच्या जिभेला जड गेली, पण चार पानांनंतर सवय झाली. नारबा नावाचा, लग्न न झालेला एक गडी मालकाच्या मळ्यात राहतो. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर मळ्यातून जाऊ लागते. बस, एवढीच गोष्ट. आमच्या गावात एके काळी पोळ्याला शंभरावर बैलजोड्या देवळाला फेरी घालायच्या. गेल्या वर्षी अकरा होत्या, आणि कित्येक घरांत मातीचे बैल पुजले गेले. आमच्याही घरात.

बैल विकायला निघाल्याचा भाग मी वाचत होतो. आबा एकदम म्हणाले, "ढवळ्या लंगडत नव्हता."

मला काही कळेना. मग कळले. १९८७ साली मी बारावी होऊन परभणीला गेलो. दिवाळीत घरी आलो तर गोठ्यात एकच बैल. ढवळ्या कुठे आहे म्हणून विचारले, तर आबा म्हणाले होते की तो लंगडायला लागला म्हणून बाजारात दिला. मी ते खरे मानले. अडतीस वर्षे खरे मानले. माझी वसतिगृहाची आणि खाणावळीची पहिली रक्कम भरायला जोडीतला एक बैल गेला होता. पुढची दोन वर्षे आबांनी शेजाऱ्याच्या एका बैलाबरोबर सावड करून नांगर हाकला. कार्व्हर घोड्याच्या बदल्यात सुटला हे ऐकून आबा गप्प का झाले, हे मला त्या रात्री समजले. मी पुस्तक मिटले. माय म्हणाली, "झालं ते झालं. वाच, मला पुढचं ऐकायचंय." म्हणून पुन्हा उघडले.

अंगणातली बाज त्या रात्री वाजली नाही. धाकटाही ऐकत होता.

दिवाळीनंतर मी एक चूक केली असे तेव्हा वाटले. सदानंद देशमुखांचे 'बारोमास' वाचायला घेतले. २००२ साली निघालेल्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून नोकरी न लागलेला एकनाथ शेतीत अडकतो आणि घर आतून तुटत जाते. एव्हाना धाकटा ओसरीच्या कडेला येऊन बसू लागला होता. चौथ्या बैठकीत तो मधूनच उठला, पायात चपला घातल्या आणि अंधारात आखाड्याकडे निघून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. भावजय म्हणाली, "भाऊजी, ते पुस्तक नका वाचू." मी ते तिथेच ठेवले. रस्त्याकडेची दोन एकर जमीन प्लॉटिंगवाल्याला द्यायचे धाकट्याच्या मनात आहे, हे मला त्या दिवशी भावजयीकडून कळले. सोसायटीचे कर्ज थकले होते, वर हातउसने होते. मी दर शनिवारी त्याच घरात जेवत होतो आणि मला ठाऊक नव्हते.

मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी आखाड्यावर गेलो. बाजेवर उशाशी 'बारोमास' होते. वाचनालयाचे पुस्तक, मी हरवले असे समजून दंड भरायची तयारी केली होती. धाकट्याने ते पुरे वाचले होते. दहावीनंतर त्याने वाचलेले हे पहिलेच पुस्तक. मी विचारले, "कसं वाटलं?" तो बराच वेळ हरभऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, तू दर शनवारी पुस्तक घेऊन येतूस. माझा हिशेब कधी इचारला का?"

त्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पुस्तक वाचले नाही, वही लिहिली. बियाणे, खत, औषध, ट्रॅक्टरचे भाडे, मळणी, मजुरी, व्याज. तीस वर्षे मी लोकांना पीकखर्चाचा ताळेबंद ठेवा म्हणून सांगत आलो आणि माझ्या सख्ख्या भावाचा ताळेबंद पहिल्यांदा पाहिला. सोयाबीनच्या पाच एकरांत औषधाचा खर्च ज्या आकड्याला गेला होता तो बघून त्यालाच धक्का बसला. एवढा होईल असे त्याला वाटले नव्हते. सोसायटीच्या कर्जाचा अर्धा भाग मी उचलला. उपकार म्हणून नव्हे. जमीन माझ्याही नावावर आहे आणि ढवळ्याची गोष्ट आता दोघांनाही माहीत होती. तो बैल गेला तेव्हा धाकटा तेरा वर्षांचा होता, आणि सावडीच्या दोन वर्षांत शाळा बुडवून औतामागे तोच असायचा. जमीन विकायचा विचार पार संपला असे मी लिहिणार नाही. या वर्षी विकायची नाही, एवढे ठरले.

थंडीत जपानच्या मासानोबू फुकुओका यांचे 'एका काडातून क्रांती' वाचले. मूळ पुस्तक १९७५ चे. हा गृहस्थ योकोहामाच्या बंदरात वनस्पती तपासणीच्या सरकारी नोकरीत होता. पंचविशीत ती सोडून शिकोकू बेटावरच्या आपल्या गावी गेला. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, निंदणी नाही, औषध नाही. उभ्या भातात पुढच्या पिकाचे बी फेकायचे, आणि भात काढल्यावर त्याचे काड सगळे त्याच रानात पसरायचे. अलीकडे हे पुस्तक हातात घेऊन पुष्कळ मंडळी शेतकऱ्यांना उपदेश करतात. मी कृषी अधिकारी म्हणून जरा सावधपणे बोलतो. फुकुओकांनी स्वतः लिहून ठेवले आहे की सुरुवातीला वडिलांची संत्र्याची बाग त्यांनी निसर्गावर सोडली, आणि छाटणीची सवय असलेली झाडे वाळून गेली. ही कबुली मला त्यांच्या तत्त्वज्ञानाहून मोलाची वाटली, कारण अपयश एवढ्या मोकळेपणाने सांगणारी शेतीची पुस्तके मी फार पाहिली नाहीत. आबांनी नेमका प्रश्न विचारला, "त्याच्याकडं पाऊस किती महिने?" तिकडे पाऊस वर्षभर येत-जात असतो. आमच्याकडे चार महिने, त्यातही खंड. तेव्हा जशीच्या तशी नक्कल करू नये. पण काड जाळू नये एवढे तरी आमच्या भागातही लागू आहे. धाकट्याने या वर्षी सोयाबीनचे भुसकट पेटवले नाही. विहिरीजवळ लिंबाची बारा झाडे आहेत, त्यांच्या आळ्यांत पसरले. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या कमी लागतात का, ते आम्ही पाहत आहोत.

संक्रांतीच्या सुमारास बहिणाबाई चौधरींची गाणी काढली, आणि त्या महिन्यात वाचणारा मी आणि ऐकणारे आबा हे दोघेही मागे पडलो. पुढे माय आली. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी सुचत, आणि घरातल्यांनी त्यातली काही उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांच्यामुळे व आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने पुस्तक निघाले. किती गाणी हवेतच विरली असतील कोण जाणे. मायला खानदेशी बोली नवी, पण पेरणी, मळणी, जाते, चूल हे सगळे ओळखीचे. मी एखादा शब्द अडखळत वाचला की ती तो नीट करून सांगायची, जणू ते पुस्तक तिच्याच माहेरचे आहे. दोन गाणी झाल्यावर म्हणाली, "मलाबी येतात की." आणि तिने तिच्या आजीकडून आलेल्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. पन्नास वर्षांत मी त्या ऐकल्या असतील, पण कान दिला नव्हता. पुतणीने वहीत उतरवून घ्यायला घेतल्या आहेत. आजवर त्र्याहत्तर झाल्या. मायची अट एवढीच की वही चुलीजवळ ठेवायची नाही.

पुस्तके मिळवायची कुठून, हे काहींनी विचारले म्हणून लिहितो. विकत घेतली ती दोनच, 'असूड' आणि 'गाणी'. बाकी सगळी वाचनालयातून आणली. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याप्रमाणे मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये अनुदानावर चालतात. पुष्कळ गावांत असे वाचनालय असते आणि ते सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच उघडते, त्यामुळे ते आहे हेच लोकांना माहीत नसते. आमच्या गावातले मलाही माहीत नव्हते. एका खोलीत दोन कपाटे, त्यातले एक कुलूपबंद, किल्ली सापडत नव्हती म्हणून. पुतणीने मागे लागून ते उघडवले. आत 'टारफुला' होते आणि 'धग' होते, दोन्ही कोरी करकरीत, एकानेही नेलेली नसावीत. वाचायला मंडळी कमी आहेत ही तक्रार आपण करतो, पण किल्लीसुद्धा शोधत नाही.

यंदाचा पाडवा झाला. पंचांग वाचून झाले. साल फिटले तेव्हा मोजले तर चौदा पुस्तके झाली होती. पैकी दोन अर्धवट सोडली. अर्धवट सोडायला मी आता लाजत नाही. नव्या सालासाठी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे 'गावगाडा' आणून ठेवले आहे. धाकट्याने वाचनालयात स्वतःच्या नावाने खाते काढले आहे. येत्या मृगात पाचही एकर नुसते सोयाबीन न पेरता चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असे घ्यायचे त्याने ठरवले आहे. हा सल्ला मी दिलेला नाही. कार्व्हरही त्याने परवा आखाड्यावर नेला.

आबांनी 'गावगाडा' हातात घेऊन चाचपले आणि विचारले, "लई जाड हाय. पुढच्या पाडव्यापतूर होईल का?"

मी म्हणालो, "दर शनिवारी बसलो तर दिवाळीच्या आत होईल, आबा."

"मंग आजच सुरू कर," आबा म्हणाले. "आज शनवार नसला तरी."